हलवायाच्या दुकानातला ठ

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर रुसला. थोडाथोडका नव्हे, चांगला तीन दिवस रुसला. शिष्य म्हणजे काही शेंबडं पोर नव्हतं. तिशीला टेकलेला, दोन वर्षं गुरुजींच्या हाताखाली लहानग्यांना शिकवणारा नीळकंठ. आणि गुरुजी म्हणजे त्या बाजारपेठेच्या गावात तीन पिढ्यांना अक्षर दाखवलेले वृद्ध गृहस्थ. गुडघे आता साथ देत नव्हते. शाळा कुणाच्या तरी हाती सोपवायची वेळ आली होती. त्यांनी नीळकंठाला सांगून ठेवलं होतं, "तुझ्या हाताखालचं एक मूल एक अक्षर ओळखू दे. त्या दिवशी शाळा तुझी."

एकच अक्षर! नीळकंठाला तेव्हा हसूच आलं होतं. धर्मशाळेच्या ओसरीवर अडीच-तीन वर्षांची नऊ पोरं जमत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मध्ये लाकडी अक्षरांनी भरलेली टोपली. नऊ पोरांत कापडाचे व्यापारी शेठजी यांचा नातू श्रीरंग म्हणजे अगदी हिरा. नीळकंठाने सहा महिने त्याच्यावर मेहनत घेतली आणि एके दिवशी शेठजींच्या देखत त्याला गुरुजींपुढे उभं केलं. पोराने तक्त्यावर काठी फिरवत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. मध्ये एकदा नाकसुद्धा पुसलं, पण थांबला म्हणून नाही. शेठजींची छाती फुगली, आणि नीळकंठाची तर काय विचारता!

गुरुजींनी पोराला जवळ घेतलं, त्याच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला. "गोड म्हणतोस रे बाळा," म्हणाले. मग नीळकंठाकडे वळून हळूच बोलले, "अजून नाही."

शेठजी उपरणं झटकून उठून गेले. नीळकंठाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याला शाळा सोडवत नाही, दुसरं काय, असा वाईट विचारही त्याच्या मनात येऊन गेला. रुसलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. तीन दिवस तो गुरुजींशी कामापुरतं बोलला. तेही भिंतीकडे बघून.

चौथ्या दिवशी गुरुजींना बाजारात जायचं होतं. खांद्याचा आधार दिल्याशिवाय त्यांना चालवत नसे, म्हणून नीळकंठाने मुकाट्याने खांदा पुढे केला. दोघं हलवायाच्या दुकानापाशी आले. दुकान तुळसाबाई चालवायची. नवरा मागे भट्टीवर, ही पुढे ओट्यावर. हिची लेक भागू, अजून तीन वर्षांचीही नव्हती, तीही नीळकंठाच्या ओसरीवर येई. येई म्हणजे आपली येऊन बसे. दोन महिन्यांत तिने एक अक्षर तोंडातून काढलं नव्हतं. सकाळी टोपलीतून लाकडाचा ठ उचलायचा, तो उलटासुलटा फिरवायचा, चाटायचा, खाली टाकायचा आणि पुन्हा उचलायचा. "भागू, तो ठ. ठेव आता," असं नीळकंठ रोज सांगे. सांगून सांगून तो थकला, पण हिची गाडी ठच्या पुढे काही सरकेना.

नीळकंठ मास्तरांना पाहताच भागू ओट्यावरून घसरत उतरली आणि तिने त्यांचं धोतर घट्ट धरलं.

"ठ!" ती ओरडली. दुसऱ्या हाताचं बोट वर. "माजा ठ!"

नीळकंठाने वर पाहिलं. दुकानाच्या तोंडाशी लोखंडाची आडवी सळई होती आणि तिला कढईची अवजारं टांगलेली होती. मधोमध बुंदी पाडायचा मोठा झारा.

"अगं वेडे, तो झारा आहे," नीळकंठ म्हणाला. आधीच डोकं फिरलेलं, त्यात भर बाजारात धोतर ओढलेलं. "ठ शाळेत. टोपलीत."

भागूने जोरजोरात मान हलवली. "नाई! ठ!"

गिऱ्हाइकं हसली. तुळसाबाई बिचारी ओशाळली. "जाऊ द्या मास्तर," ती म्हणाली, "पोर डोक्यानं जरा मंदच निगाली माजी."

गुरुजी मात्र जागच्या जागी थांबले होते. त्यांनी डोळ्यांवर हाताची सावली धरून बराच वेळ झाऱ्याकडे पाहिलं. मग भागूकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत चक्क पाणी.

"तुळसाबाई, पेढे किती आहेत?"

"परातभर हायेत की, गुर्जी."

"सगळे वाटा. येईल-जाईल त्याच्या हातावर ठेवा. आणि सांगा, नीळकंठ मास्तरांच्या शाळेचे पेढे आहेत."

आता मात्र नीळकंठाला राहवेना. "गुरुजी, सगळी अक्षरं म्हणणाऱ्याला तुम्ही एक खडीसाखरेचा खडा दिलात. आणि ही झाऱ्याला ठ म्हणते, तर परातभर पेढे? ही थट्टा आहे का माझी?"

गुरुजी ओट्यावर टेकले.

"श्रीरंग म्हणत होता तेव्हा तू कुठे पाहत होतास रे? त्याच्या तोंडाकडे. मी काठीकडे पाहत होतो. तोंड 'झ'वर पोचलं तरी काठी 'छ'वरच रेंगाळली होती. पाठांतराला मी नावं ठेवत नाही. तेही लागतं, आणि त्या पोरालाही अक्षर यथावकाश भेटेल. पण त्या दिवशी त्याने तुझंच तुला परत दिलं. हिला झाऱ्याकडे बघ असं कुणी सांगितलं होतं? तू दाखवलास तो ठ लाकडाचा, वीतभर. हिने हुडकला तो लोखंडाचा, हातभर, वर टांगलेला. आकृती एकच आहे, हे तिचं तिने जाणलं. आई घरात दिसो की जत्रेच्या गर्दीत, मूल तिला चुकत नाही ना? ओळख म्हणतात ती हीच."

"पण ती चूकच ना, गुरुजी?"

"झारा तो झारा हे तिला उद्या कळेल. ते सांगायला अर्धी घटका पुरे. आज तिने जे केलं ते सांगून येत नाही, त्याला अवकाश द्यावा लागतो. तो तू दिलास. दोन महिने एकच ठ घेऊन बसली. तू कुरकुरलास, पण तिच्या हातातून तो कधी हिसकावून घेतला नाहीस. मी रोज बघत होतो. उद्यापासून शाळा तुझी."

"तीन दिवस मी तुमच्याविषयी मनात नको नको ते आणलं," नीळकंठ म्हणाला. गुरुजी हसले. "ते तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं, नीळकंठा. मला वाचता येतं."

नीळकंठाने वाकून भागूला उचललं आणि खांद्यावर बसवलं. तिने हात लांबवून झाऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. तीनदा फिरवलं.

तुळसाबाई पेढ्यांची परात घेऊन तशीच उभी होती. "मास्तर, म्हंजे ते खरंच अक्षर हाय व्हय?"

"अगदी असंच काढतात. वर आडवी रेघ, खाली दांडा, मग वाटोळं."

तिने मान वर केली. किती तरी वेळ ती बघतच राहिली.

"बारा वर्सं मी ह्याच्याखाली बसतीया," ती म्हणाली. "आन् मला कुणी सांगितलं न्हाई."

तेवढ्यात एक नवं गिऱ्हाईक आलं. त्याने काही मागायच्या आत तुळसाबाईने त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वर बगा, पावनं. त्याला ठ म्हंत्यात. माज्या लेकीनं दावला मला."