टुकीला हवी जोडी

जाईला होते दोन गुडघे. आपली गोष्ट उजव्या गुडघ्याची.

त्या गुडघ्यात राहायची टुकी. टुकी म्हणजे एक पेशी. इतकी छोटी, इतकी छोटी, की दिसायचीच नाही! शेजारी तिची जिवलग बुकी. दोघी सदा चिकटून.

एकदा जाई अंगणात धावली. धप्प! गुडघा खरचटला. बुकी गेली निघून. टुकीला फार फार आठवण आली.

टुकीच्या पोटात होती एक पिळाची शिडी. शिडीआजी! फार जुनी. जाईची खळी कुठे, केस कसे, सगळं तिला पाठ.

“शिडीआजी, मला जोडी हवी. तू दोन हो ना! मग मीही दोन होईन.”

“चेनमामा उघडेना. मी दोन कशी होऊ?”

चेनमामा शिडी उघडायचा, स्वेटरच्या चेनसारखी. टुकी वळली, डुगुडुगु डुगुडुगु.

“चेनमामा उघडेना,
शिडीआजी दोन होईना,
मला जोडी मिळेना!”

“लालूदादा खाऊ आणेना. मला ताकद कुठली?”

लालूदादा म्हणजे रक्त. सदा पळापळ! टुकी वळली, डुगुडुगु डुगुडुगु.

“लालूदादा खाऊ आणेना,
चेनमामा उघडेना,
शिडीआजी दोन होईना,
मला जोडी मिळेना!”

“जाई जेवेना. खाऊ आणू कुठून?”

जाई बसली होती तोंड घट्ट मिटून. आई म्हणे, “आधी जेव.” जाई म्हणे, “आधी गोष्ट.” झालं! आता काय?

टुकीनं आतून चिमटा काढला. चुण चुण!

“आई गोष्ट सांगेना,
जाई जेवेना,
लालूदादा खाऊ आणेना,
चेनमामा उघडेना,
शिडीआजी दोन होईना,
मला जोडी मिळेना!”

“आई गं! गुडघा चुणचुणतो!”

आईनं गुडघा पाहिला. मग आपला दाखवला. तिथेही एक जुना डाग!

“मी एवढीशी होते ना, तेव्हा करवंदाच्या जाळीत पडले. तुझ्या आजोबांनी मांडीवर घेतलं. फुंकर घातली. गरम भात, वर तूप. म्हणाले, ‘एक घास गुडघ्याला!’ अजून त्या तुपाचा वास येतो बघ.”

आईचे डोळे भरून आले.

“मलाही! एक घास गुडघ्याला!” जाईनं केला मोठा आ.

आई गोष्ट सांगू लागली.
जाई जेवू लागली.
लालूदादा खाऊ घेऊन धावला.
चेनमामानं शिडी उघडली, सर्रर्र!
शिडीआजीच्या झाल्या दोन बाजू. प्रत्येक जुन्या बाजूला नवी बाजू, खटक खटक! झाल्या दोन शिड्या. दोन्ही अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या.
टुकी फुगली, मधे आवळली आणि... टुप! टुकीच्या झाल्या दोन!

“तू बुकी का गं?”

“नाही, मी नवी. बुकी कोण?”

जाईचं ताट रिकामं झालं. गुडघा हळूहळू भरून आला. आणि आत टुकी नवीला चिकटून बसली. म्हणाली, “सांगते हं. मी एवढीशी होते ना, तेव्हा...”