भागाईने न पाहिलेले ग्रहण

फार पूर्वीची गोष्ट. निळावती नावाच्या नगरीत भागाई नावाची एक म्हातारी सुईण राहत होती. नगरी मोठ्या तळ्याच्या काठी होती आणि तळ्यावर एक उंच बुरूज होता. पौर्णिमेचा चंद्र तिथून जसा दिसे, तसा दुसरीकडून कुठूनच दिसत नसे, असे लोक म्हणत.

भागाईच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. दुसराही फार दिवस टिकणार नाही, असे वैद्याने सांगितले होते. तिला एकदाच, डोळे भरून, चंद्रग्रहण पाहायचे होते. आजवरची सगळी ग्रहणे कुणाच्या ना कुणाच्या बाळंतपणात निघून गेली होती.

त्या पौर्णिमेला खग्रास ग्रहण होते. भागाई काठी टेकत, पायरी पायरीवर थांबत बुरुजावर चढली. चंद्र नुकताच तळ्यातून वर आला होता. तेवढ्यात अंगावर घोंगडी ओढलेला एक माणूस धापा टाकत वर आला. तो तांबोळी आळीतला कोंडाजी होता. चंद्र दिसू नये म्हणून त्याने मान खाली घातली होती.

"भागाई, घरी कळा सुरू झाल्यात. दोन सुइणींची दारं वाजवली. ग्रहण सुटल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतात."

शेजारी बसलेली बाई म्हणाली, "आता उतरलीस तर पुन्हा चढणं व्हायचं नाही हो तुझ्यानं."

भागाईने क्षणभर चंद्राकडे पाहिले. अजून तो पुरता गोल होता.

"ग्रहण पुन्हा लागेल, बाई. बाळ थांबायचं नाही," ती म्हणाली आणि कोंडाजीच्या खांद्यावर हात ठेवून उतरू लागली.

कोंडाजीच्या घरी खोली अंधारी होती. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. आत त्याची बायको घामाने निथळत होती.

"खिडकी उघड आधी," भागाई म्हणाली.

"बाळावर ग्रहणाची सावली पडेल!" कोंडाजी म्हणाला.

"जीव गुदमरतोय तिचा. उघड."

कोंडाजीने चिंध्या उपसून खिडकी उघडली. वारा आत आला. तो अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला. आतून भागाईने हाक मारली, "कोंडाजी, मला काही इथून दिसत नाही. तू वर बघ आणि मला सांग."

"मी कधी पाहिलं नाही, भागाई. भीती वाटते."

"मग माझ्यासाठी बघ."

कोंडाजीने हळूहळू मान वर केली. "एक कड गेलीय. भाकरीचा तुकडा मोडावा तशी."

"हं. पुढे?"

"निम्मा झाकला." थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला, तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "भागाई, तो काळा नाही झाला! तांबडा झालाय. राख धरलेल्या निखाऱ्यासारखा. आणि चांदण्या केवढ्या दिसतायत!"

"अहो, थांबू नका, सांगत राहा," आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. त्याच्या बोलण्याने तिलाही धीर येत होता.

चंद्र तसाच तांबडा असताना बाळ रडले. मुलगी झाली होती.

कोंडाजी दाराशी आला, पण आत येईना. "कशी आहे? ओठ, बोटं..."

भागाईने दिवा जवळ धरला. "चंद्र पाहिलास ना? मग हिलाही तूच बघ."

त्याने बाळाचे ओठ पाहिले, एकेक बोट पाहिले. सगळे जिथल्या तिथे होते. तिला उराशी धरून तो रडू लागला. भागाई बाहेर आली तेव्हा ग्रहण सुटले होते.

त्यानंतर तांबोळी आळीत ग्रहणात कुणी खिडक्या बुजवल्या नाहीत. सुइणीही येऊ लागल्या.

काही वर्षांनी पुन्हा खग्रास ग्रहण लागले, तेव्हा भागाईला काहीच दिसत नव्हते. त्या संध्याकाळी आळीतली माणसे बुरुजावर गेली नाहीत. ती भागाईच्या अंगणात जमली. पोटुश्या बायकासुद्धा आल्या. कोंडाजीची मुलगी तिच्या मांडीवर बसून वर पाहत म्हणाली, "आजी, कड गेली बघ!"

"कशी गेली?" भागाईने विचारले.

त्यावर सगळे अंगण एकदम बोलू लागले.

तात्पर्य एवढेच: दुसऱ्याच्या अडीनडीला जो आपली हौस बाजूला ठेवतो, त्याच्यासाठी पाहणारे डोळे कधी कमी पडत नाहीत.