वेडा राघू आणि तोंडपाठ गवा

एका नदीच्या खोऱ्यात एक म्हातारा गवा राहत असे. नुसता राहिला असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण पोरांनो, तो शिकवतही असे. नदीच्या उंच काठावर, अगदी कडेला, रोज सकाळी त्याचा पक्षीओळखीचा वर्ग भरायचा. आजोबांकडून आलेली पक्ष्यांची यादी त्याला तोंडपाठ होती. "धोबी?" तो विचारी. ससे, भेकरं आणि वानरांची पोरं एका सुरात म्हणत, "कपडे धुतो." तांबट? भांडी घडवतो. शिंपी? शिवतो. वेडा राघू? वेडा असतो. मान वर करून झाडाकडे मात्र कुणी बघायचं नाही. बघितलं की पाठांतर चुकतं, असं गव्याचं म्हणणं.

त्या वर्गात एक तरुण मुंगूस होतं. त्यानं एकदा विचारलं, की या जंगलात कपडे घालतं कोण? गव्यानं असा फुत्कार सोडला की पुढची रांग भिजली. "गाढवा, आमचे आजोबा खोटं बोलत होते का?" मुंगूस म्हणालं की एक तर मी मुंगूस आहे, आणि दुसरं, आजोबांनी बहुधा धोबी बघितलाच नसावा. त्या दिवशी त्याची शाळा सुटली ती कायमची. घरी आईबापांनी काय ऐकवायचं ते ऐकवलं. शेजारच्या घोरपडीला स्वतःला दोन पक्षी ओळखता येत नव्हते, पण 'पोर वाया गेलं' म्हणून तिनंही डोळे पुसून घेतले.

वाया गेलेलं पोर मग दिवसभर खोऱ्यात हिंडू लागलं. धोबी पाण्याकाठच्या दगडांवर शेपटी वरखाली हलवत किडे टिपत होता, धुण्याचा पत्ता नव्हता. तांबट उंबरावर बसून दुपारभर टुक टुक करायचा, पण त्यातून साधी पळीही तयार झाली नाही. शिंप्यानं मात्र खरोखर पानं शिवून घरटं केलं होतं. यादीतलं एक तरी बरोबर निघालं, हे मुंगसानं जरा नाइलाजानंच मान्य केलं. सगळ्यात मजा वेड्या राघूची. हिरवागार, सडपातळ पक्षी. फांदीवरून सुटायचा, हवेतच मधमाशी पकडायचा, परत येऊन फांदीवर घासून तिची नांगी काढायचा आणि मगच गिळायचा. हा वेडा, तर काटे न बघता अख्खं झुडूप तोंडात कोंबणारे गुरुजी कोण? मुंगूस पोट धरून हसलं.

राघूंची घरं म्हणजे काठाच्या मातीतली हातभर खोल बिळं, नेमकी वर्गाच्या खाली. एका सकाळी सगळे राघू पलीकडच्या काठावर निघालेले दिसले. मुंगसानं विचारलं, तेव्हा एक राघू म्हणाला, "पिल्लं काल उडाली, आता बिऱ्हाड हलवतोय. नदीनं खालची माती खाल्लीये. हा कडा आजचा दिवस काढेल असं वाटत नाही."

वर त्या दिवशी परीक्षा होती, आणि पुढच्या रांगेत, कड्याच्या टोकाला, मुंगसाची धाकटी बहीण बसली होती.

मुंगूस धापा टाकत वर पोचलं आणि गव्याला म्हणालं की सगळ्यांना मागे घ्या, कडा पडणार आहे. कोण म्हणतं, असं गव्यानं विचारलं. "वेडा राघू." वर्ग एवढा हसला की कडेची दोन ढेकळं पाण्यात पडली. बहीण मान खाली घालून पुटपुटली, "दादा, जा ना घरी. लाज आणतोस."

खरं सांगून भागत नाही, हे मुंगसाला कळलं. पण या वेळेला मागच्या करवंदीच्या जाळीत भारद्वाज ऊन खात बसतो, हेही त्याला ठाऊक होतं. आणि भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे तर प्रत्येकाला आईनं सांगितलेलं. "करवंदीत भारद्वाज बसलाय," ते मोठ्यानं म्हणालं, "परीक्षेआधी ज्याला बघायचाय त्यानं बघून घ्या." क्षणात काठ रिकामा झाला.

गवा तेवढा हलला नाही. मुंगसानं अक्षरशः हात जोडले; म्हणालं, आधी या, मग हवं तेवढं रागवा. "मला भारद्वाज पाठ आहे," गवा म्हणाला, "बघायची गरज नाही." एवढं बोलून त्यानं ठासून पाय आपटला, आणि कडा गेला.

तिकडे करवंदीपाशी सगळे श्वास धरून उभे होते. कोळशासारखं अंग, विटकरी पंख, गुंजेसारखे लाल डोळे. मागे एवढा धडाका झाला तरी दोन सशांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बहीण हळूच म्हणाली, "दादा, याचे डोळे कुणी शिकवलेच नव्हते."

गळ्याएवढ्या चिखलातून बाहेर यायला गव्याला दुपार झाली. संध्याकाळी खोऱ्यातल्या मोठ्यांनी बैठक घेतली आणि हल्लीच्या पोरांना शिस्त नाही म्हणूनच कडा पडला, असं एकमतानं ठरवलं. पोरं बैठकीला नव्हती. ती खाली नदीत, दगडांवर बसून, धोबी शेपटी किती वेळा हलवतो यावर भांडत होती.

तात्पर्य : नाव पाठ झालं म्हणजे ओळख झाली असं नाही, ओळख बघून होते. आणि मोठ्यांनी ज्याला वेडा ठरवलंय, त्याचं एकदा ऐकून घ्या. मोठे ऐकणार नाहीत, तुम्ही तरी ऐका.