आबांची वाट

एकदा एका पेठेत एक गालिचेवाले उस्ताद राहत असत. गालिचा विकणारे पुष्कळ. पण तो घरात बसवून घ्यावा तर उस्तादांकडूनच, अशी त्यांची ख्याती होती. स्वभाव मात्र जमदग्नीचा. हाताखाली कितीजण आले आणि पळाले. टिकला तो एकच शिष्य. आता तोही तयार झाला होता, आणि गुरूने प्रथमच एक संपूर्ण घर त्याच्यावर सोपवले होते.

घर एका व्यापाऱ्याचे. त्याचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, वृद्ध होते आणि त्यांची दृष्टी पार गेली होती. तरी माणूस मोठा करारी. शेजघरातून देवघर, तिथून स्वयंपाकघरावरून ओसरी, असे कुणाचाही हात न धरता हिंडत. "डोळे गेलेत, पाय शाबूत आहेत," असे सुनेला ऐकवत. पण थंडीत शहाबादी फरशीचा गारठा त्यांच्या गुडघ्यांना बाधू लागला, तेव्हा मुलाने भिंतीपासून भिंतीपर्यंत लोकरी गालिचा बसवायचे ठरवले. पितृभक्ती म्हणतात ती याहून वेगळी नसते.

शिष्याने काम जीव ओतून केले. ताण असा बेताचा दिला की कुठे सुरकुती नाही. तुकडे असे जोडले की सांधा शोधून सापडू नये. काम पाहायला उस्ताद आले, त्यांनी कोपरे चाचपले आणि चक्क मान डोलावली. शिष्याला स्वर्ग दोन बोटे उरला.

इतक्यात आबा शेजघरातून बाहेर आले. गालिच्यावर एक पाऊल टाकले आणि थबकले. पाय इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अरे, घर कुठे गेलं?"

"आबा, गालिचा आहे. मऊ लागतोय ना?" मुलगा म्हणाला.

"मऊ आहे रे. पण मी कुठे आहे?" आणि आबांनी हात पुढे केला.

मुलाने तो प्रेमाने धरला. वडील अखेर आपला आधार घेताहेत, याचा त्या बिचाऱ्याला आनंदच झाला. शिष्याला मात्र आबांच्या चेहऱ्याकडे पाहवेना.

"गालिचा गुंडाळ," उस्ताद म्हणाले.

"उस्ताद, माझं काही चुकलं का?"

"गुंडाळ म्हटलं ना."

फरशी उघडी झाली. उस्ताद हात जोडून म्हणाले, "आबासाहेब, रोजच्यासारखे ओसरीपर्यंत जाता का?"

"त्यात काय विशेष?" म्हणत आबा निघाले. उस्ताद गुडघ्यांवर बसले, आणि हातात खडू घेऊन त्यांच्या मागोमाग सरकत रेघ ओढू लागले. शिष्यही वाकून पाहू लागला, आणि बघतच राहिला. आबांचे पाय फरशी वाचत होते. एका दगडाचा टवका उडालेला. तिथे अंगठा टेकला आणि पाऊल उजवीकडे वळले. एक फरशी किंचित डुगडुगली, तशी आबांनी मान लववली. समोर देवघर होते. स्वयंपाकघराच्या दारापाशी मात्र ते सरळ न जाता मोठा वळसा घेऊन गेले. तिथे तर काहीच नव्हते.

"आबासाहेब, इथे वळलात का?" उस्तादांनी विचारले.

"इथे ही तांदूळ निवडत बसायची," आबा म्हणाले. "ओलांडून कसा जाणार?"

आबांच्या पत्नीला जाऊन वर्षे लोटली होती. उस्तादांच्या खडूची रेघ त्या मोकळ्या जागेला वळसा घालून पुढे गेली.

गालिचा पुन्हा थोडाथोडा पसरत खालची रेघ त्याच्यावर उतरवून घेतली. उस्तादांनी सुरी काढली आणि खुणेबरहुकूम तो नवाकोरा, एकसंध गालिचा कापायला घेतला. शिष्याने त्यांचा हातच धरला. "उस्ताद, हे काय करता? एवढं चांगलं बसवलं होतं."

"चांगलंच बसवलं होतंस," गुरू शांतपणे म्हणाले. "तुझ्या हातात खोट नाही, आणि ह्या मुलाच्या मायेतही नाही. पण यांचं घर भिंतींत नाही रे, पायाखाली आहे. आपण ऊब अंथरली आणि त्यांची वाट झाकून टाकली. पलंगापाशी, बैठकीत ऊब राहू दे. जिथे हा माणूस स्वतःच्या पायांनी चालतो, तिथे आपली कला आड येता कामा नये. माया करावी, पण ज्याच्यावर करायची त्याची वाट आधी पाहून घ्यावी."

शिष्य शेजारी बसला. दोघांनी मिळून कडा दुमडल्या आणि पायाला लागू नयेत अशा बारीक खिळ्यांनी चापून बसवल्या. गालिच्यामधून दगडाची एक उघडी वाट ओसरीपर्यंत निघाली. आबांनी तिच्यावर पाय ठेवला, क्षणभर थांबले आणि निघाले. मुलाचा हात आपसूक पुढे झाला होता. त्याने तो हळूच मागे घेतला. वडिलांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना त्याचे डोळे भरून आले.

आबा ओसरीवर जाऊन बसले. शिष्य हत्यारे गोळा करू लागला. कात्री पलीकडे स्वयंपाकघराच्या दाराशी राहिली होती. मध्ये त्या वळशातला नुसता गालिचा होता, सरळ दोन पावलांत हाती आली असती.

तो वळसा घालून गेला. उस्तादांनी ते पाहिले आणि आपली हत्यारांची पिशवी, जिला ते कुणाला हात लावू देत नसत, त्याच्या हाती दिली.