पैसे कशाचे?

मिरजेच्या वैजयंती खाडिलकरने दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहून ते सगळ्यांना फुकट खुलं केलं होतं. पण दुरुस्त्या एकटीने करून ती इतकी थकली, की सगळं बंदच करावं असं तिला वाटू लागलं. अशात तिने दुरुस्तीचे पैसे मागताच एका बड्या रुग्णालयाचे अध्यक्ष रावसाहेब तिच्यावर गरजले, "तुमचं सॉफ्टवेअर बिघडल्याने आमची बिलं अडलीत. फुकटच्या वस्तूच्या दुरुस्तीला पैसे कसले?"

"नका देऊ. खेड्यांतल्या दवाखान्यांनंतर तुमचा नंबर लावते."

"मला आत्ताच्या आत्ता हवंय!"

"सॉफ्टवेअर फुकटच आहे, रावसाहेब. पैसे त्या 'आत्ता'चे आहेत."

रावसाहेबांनी वर्षभराच्या देखभालीचा करार केला. त्यातून वैजयंतीला दोन मदतनीस ठेवता आले. खेड्यांतल्या दवाखान्यांची कामंही भराभर होऊ लागली, तीही फुकट, आणि तिने एकदाचं हुश्श केलं.