चांदणझऱ्याचे कान

डोंगर जिथे ढगांची पांढरीशुभ्र टोपी घालून बसतात आणि सकाळचं ऊन केशरी पावलांनी खाली उतरतं, तिथे केवडापूर नावाचं एक नगर होतं. नगराच्या माथ्यावरून चांदणझरा वाहायचा. त्याचं पाणी इतकं नितळ, इतकं लखलखीत, की ओंजळीत घेतलं तर चिमुकल्या चांदण्याच हातात आल्यासारख्या वाटायच्या. झऱ्याच्या तोंडाशी तीन लाकडी दारं होती. एक वरच्या आळीचं, एक मधल्या आळीचं आणि एक खालच्या आळीचं.

पण खालच्या आळीचं दार कितीतरी दिवस उघडलंच नव्हतं. तिथल्या तुळशी वाळल्या होत्या, वासरं कोरडी दगडी कुंडी चाटत उभी राहायची. त्याच आळीत आवडी नावाची एक छोटीशी मुलगी राहायची. तिच्या परकराला सात ठिगळं होती, पण डोळे जांभळासारखे टपोरे आणि हसरे होते. तिला आई नव्हती. होते ते बाबा, भिवा.

भिवा आधी झऱ्याच्या दारांचा राखणदार होता. नगराचं पाणी सांभाळायला राणी हेमावतीनं मानाजीरावांना जलप्रधान नेमलं होतं. मानाजीरावांकडे वरच्या आळीतून भरजरी शेले यायचे, पेढ्यांची ताटं यायची, आणि मग पाणी त्या वाड्यांमधल्या कारंज्यांकडे वळायचं. एके दिवशी मानाजीरावांनी भिवाला बोलावलं आणि म्हणाले, "खालचं दार बंद ठेव. तुलाही एक शेला देतो."

"प्रधानजी, पाणी माझं नाही आणि तुमचंही नाही," भिवा हात जोडून म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू मी कशी विकू?"

त्याच दिवशी त्याचं काम गेलं. आता तो रानातून लाकडाच्या मोळ्या वाहायचा. लोक हळहळायचे. "घेतला असता शेला तर काय बिघडलं असतं?" असंही म्हणायचे. राणीकडे गाऱ्हाणं न्यावं, तर वाट प्रधानांच्याच देवडीवरून जायची आणि तिथून सगळे परत फिरायचे.

आवडी रोज लांब रानात जायची. तिथे एका खडकातून थेंब थेंब पाणी गळायचं. तिचा लोटा भरायला सकाळ सरायची. एकदा लोटा घेऊन परतताना तिला वाटेत रानजाईची एक नाजूकशी वेल दिसली. पानं मिटलेली, कळ्या माना टाकून पडलेल्या.

"अगं बाई, तुलाही तहान लागलीय?" आवडी म्हणाली. तिनं लोट्याकडे पाहिलं. घरी बाबा दमून येणार होते. "बाबांचं पाणी त्यांना ठेवते. माझ्या वाटचं तू पी."

तिनं अर्धा लोटा वेलीच्या मुळाशी ओतला. तोच काय नवल! सगळ्या कळ्या टपटप उमलल्या आणि मधल्या फुलातून एक इवलीशी परी उडत वर आली. तिचे पंख खंड्या पक्ष्यासारखे निळेशार होते, झग्यावर दवाचे मोती लुकलुकत होते.

"मी नीलपंखी," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "चांदणझऱ्याची परी. तू तुझ्या वाटचं पाणी दिलंस. आता एक इच्छा माग, सोनुले."

आवडीनं क्षणभरही विचार केला नाही. "परीताई, आमच्या आळीत पाणी येऊ दे."

परीचे पंख थोडे फिके झाले. "माणसांनी लावलेलं दार मला उघडता येत नाही. पण मी झऱ्याला कान देते. पौर्णिमेपर्यंत तो तुझं ऐकेल. तू सांगशील तिकडे वाहील. मात्र तीन नियम आहेत हं. झरा सगळ्यांचा आहे, म्हणून मागशील ते सगळ्यांसाठी माग. जे सांगशील ते चारचौघांत, मोठ्यानं सांग. आणि पाण्याच्या बदल्यात कुणाकडून काही घेऊ नकोस, अगदी शेंगदाण्याचा दाणासुद्धा नाही. एक नियम मोडलास की झऱ्याचे कान मिटले!"

आवडी धावतच चौकात आली. तिथे बाजार भरला होता. ती तिथल्या कोरड्या विहिरीच्या कठड्यावर चढली आणि मोठ्यानं ओरडली, "चांदणझऱ्या, चांदणझऱ्या! वरच्या आळीत ये, मधल्या आळीत ये, खालच्या आळीत ये! सगळ्यांकडे सारखा ये!"

लोक हसले. पण डोंगरावरून खळखळ ऐकू आली आणि सगळे गप्प झाले. झरा बंद दारावरून वासरासारखी उडी मारून धावत आला. सोनेरी उन्हात त्याच्यावर रंगीबेरंगी इंद्रधनुष्यं नाचत होती. खालच्या आळीत बायका घागरी घेऊन धावल्या, मुलं नाचली, वासरं पोट भरून प्यायली. भिवा मोळी खाली टाकून पाण्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून आवडीच्या झोपडीपुढे माणसं येऊ लागली. वरच्या आळीतले झुंबरशेट आले. त्यांच्या हातात मोरपंखी रंगाचा, जरीच्या काठाचा परकर होता. "घे बाळ, तुझ्या मापाचा आहे. आमचं मोठं कारंजं बंद पडलंय, तेवढं सुरू करायला सांग."

परकर इतका सुंदर होता की आवडीनं त्यावरून नुसतं बोट फिरवलं. मग हात मागे घेतला. "नको, शेटजी. तुम्हाला प्यायला पाणी आहे ना? तेवढंच सगळ्यांना आहे."

झुंबरशेटना नाही म्हणणं सोपं होतं. पण मग शेजारच्या रखमाकाकू आल्या. आवडीचे केस विंचरणाऱ्या, तिला ताप आला तर उशाशी बसणाऱ्या काकू! त्यांच्या पदराखाली गरमगरम गूळपोळी होती. तुपाचा वास दरवळला आणि आवडीच्या पोटात कावळे ओरडू लागले.

"खा गं राणी," काकू म्हणाल्या. "आणि ऐक, झऱ्याला सांग ना, सकाळी आधी माझ्या अंगणात यायला. मग जाईना का कुठेही."

आवडीचे डोळे भरून आले. "काकू, ही पोळी माझ्यासाठी आहे, की पाण्यासाठी?"

काकूंनी हळूच पदर सारखा केला, पोळी झाकली आणि खाली मान घालून निघून गेल्या. त्या संध्याकाळी आवडी उपाशी झोपली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मानाजीरावांनी तिला आपल्या बागेत बोलावलं. तिथे गुलाब फुलले होते, वाट्याला आलेल्या पाण्यावर हंसाच्या आकाराचं एक छोटंसं कारंजं झुळझुळत होतं. मानाजीरावांनी नोकरांना बाहेर घालवलं आणि ते वाकून कुजबुजले, "पोरी, उद्या राणीसाहेब झरा बघायला येणार आहेत. तू एवढंच म्हण, की पाणी प्रधानांच्या हुकमानं आलं. आणि नंतर झरा पुन्हा वरच्या आळीतल्या कारंज्यांकडे वळव. मी तुझ्या बाबांना त्यांचं काम परत देतो. आपल्या दोघांशिवाय कुणाला कळणार आहे?"

बाबांचं काम! बाबांचे सोललेले खांदे तिच्या डोळ्यांपुढे आले. ती तशीच घरी पळाली आणि बाबांच्या कुशीत शिरून तिनं सगळं सांगितलं.

भिवानं तिच्या केसांवरून हात फिरवला. "ते काम मला परत हवंय, आवडी," तो म्हणाला. "मोळी उचलताना रोज वाटतं. पण असं मिळालं, तर त्या दारापाशी मी कोणत्या तोंडानं उभा राहू? तुला काय वाटतं?"

"मला वाटतं," आवडीनं डोळे पुसले, "तुम्ही शेला घेतला नाहीत तेच बरं केलंत. माझे बाबा कुणाचेही मिंधे नाहीत!"

पौर्णिमेच्या संध्याकाळी चौक माणसांनी फुलून गेला. राणी हेमावती पालखीतून उतरली. मानाजीराव पुढे झाले. "राणीसाहेब, हा माझाच हुकूम. सांग गं पोरी!"

आवडी कठड्यावर चढली. तिची मान ताठ होती. "नाही, राणीसाहेब. प्रधानजींनी खालचं दार बंद ठेवलं होतं. आणि काल ते मला म्हणाले, की खोटं बोललीस तर तुझ्या बाबांना काम देतो."

"ही पोर खोटारडी आहे!" मानाजीराव गरजले. "कुणी ऐकलं ते?"

आवडीला एकदम हंसाचं कारंजं आठवलं. तेही झऱ्याचंच पाणी! "चांदणझऱ्या," ती मोठ्यानं म्हणाली, "तू तिथे होतास. जे खरं ते सगळ्यांना सांग!"

चौकातून वाहणारा झरा थबकला. मग त्याच्या लाटांमधून मानाजीरावांचाच आवाज आला, जसाच्या तसा, कुजबुजता. 'आपल्या दोघांशिवाय कुणाला कळणार आहे?'

मानाजीरावांचा चेहरा राखेसारखा झाला. राणीनं त्यांच्या पगडीवरचा मानाचा तुरा काढून घेतला. "हा तुरा लोकांची सेवा करणाऱ्याचा आहे," ती म्हणाली. "जा. पुन्हा या चौकात आलात, तर घागर भरायला रांगेत उभे राहा." मग ती लोकांकडे वळली. "चूक माझीही आहे. मी देवडीपलीकडे कधी पाहिलंच नाही. आता तुम्हीच सांगा, पाणी कुणाच्या हाती देऊ?"

गर्दीतून एक आवाज आला. रखमाकाकूंचा. "भिवाच्या हाती, राणीसाहेब! आम्ही सगळे चुकलो, तो चुकला नाही. आणि त्यानं आपल्या लेकीलाही तेच शिकवलं."

"भिवा! भिवा!" तिन्ही आळ्या एका सुरात गर्जल्या. झुंबरशेटसुद्धा ओशाळून टाळ्या वाजवू लागले. राणीनं भिवाला पुढे बोलावलं आणि तो तुरा त्याच्या फाटक्या मुंडाशात खोवला. भिवानं आवडीला उचलून खांद्यावर घेतलं. एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून आवडीला सगळं केवडापूर दिसत होतं, आणि सगळं केवडापूर तिच्या बाबांकडे बघत होतं.

तेवढ्यात डोंगरामागून लोण्याच्या गोळ्यासारखा चंद्र वर आला. झऱ्याच्या तुषारांतून निळ्या पंखांची नीलपंखी उडत आली.

"पौर्णिमा झाली, आवडी," ती म्हणाली. "आता झरा तुझं ऐकणार नाही."

"चालेल, परीताई. आता दारापाशी बाबा आहेत. पण आधी एक सांग, ही इच्छा तू आणखी कुणाला दिली होतीस?"

"दिली होती ना! सरदारांना दिली, सावकारांना दिली, एका राजालाही दिली." परी आवडीच्या नाकापाशी येऊन हसली. "पौर्णिमेपर्यंत ती कुणाकडेच टिकली नाही. तूच पहिली."

तिनं आवडीच्या कपाळाला आपला चिमुकला हात लावला. तिचे पंख उजळले, आधी निळे, मग रुपेरी, मग शुभ्र. त्या प्रकाशात सगळा चौक, सगळ्या घागरी, लोकांचे वर झालेले चेहरे न्हाऊन निघाले. आणि परी त्या प्रकाशातच विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवानं सगळ्या नगराच्या समोर तिन्ही दारं एकदम उघडली. गर्दीत परगावचा एक वाटसरू उभा होता. "हा कोण राखणदार?" त्यानं शेजारी उभ्या असलेल्या छोट्या मुलीला विचारलं.

आवडीनं मान उंच केली. "ते माझे बाबा आहेत," ती म्हणाली.