जांभळी जीभ

फार पूर्वी एका राणीकडे गेंद नावाचा चपट्या तोंडाचा कुत्रा होता. श्वास घेताना तो घुरघुरायचा आणि ते ऐकत राणीला छान झोप लागायची. थोडं पळाला की त्याची जीभ जांभळी व्हायची. "लबाडाने पुन्हा जांभळं खाल्ली!" म्हणत सगळे हसायचे.

खिडकीतला सुतारपक्षी मात्र हसला नाही. "ऐन थंडीत जांभळं कुठली? याला श्वास पुरत नाहीये." त्याने गेंदच्या तोंडात डोकावून पाहिलं. "नाकपुड्या चिमटल्यात, टाळूचा पडदा घशात लोंबतोय. कापून वाट मोकळी करावी लागेल."

"खबरदार!" राणी कडाडली. "त्याची जातच घुरघुरणारी आहे."

"जात असेल, पण जीव माझा आहे," गेंद धापा टाकत म्हणाला. "काप रे तू."

सुतारपक्ष्याने त्याला गुंगीची मुळी चघळायला दिली आणि चोचीने काम उरकलं.

जखम भरल्यावर गेंद अख्ख्या बागेतून धावत आला. जीभ गुलाबीच होती.

"आता मला झोप कशी लागायची?" राणी कुरकुरली.

"इतकी वर्षं तुम्ही झोपलात, राणीसाहेब, आणि मी श्वासासाठी जागलो," गेंद म्हणाला. "आता पाळी माझी."

आणि तिच्याच गादीवर पाय ताणून तो गाढ झोपला, जराही आवाज न करता.